पलीकडच्या पाच चौकटी

५ फेब्रुवारी

मुंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस, तोंड वाकडं केलंस आणि तरी उघडलंस. बरं केलंस. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मग खुशाल चुलीत घाल.

तुझा पत्ता मला मिरच्यांनी दिला. आमच्या शिपाईबाईंनी कुंडीत लावायला बियांचं पाकीट आणलं होतं. त्याच्या मागे तुमच्या रोपवाटिकेचा पत्ता होता आणि खाली बारीक अक्षरात 'लागवडीसाठी सल्ला' म्हणून तुझं नाव. आई गेल्यापासून पाच वर्षं मी बहीण शोधतेय आणि ती सापडली मिरचीच्या मागे. तिखट तर तू पहिल्यापासूनच होतीस म्हणा.

मी दोन महिन्यांनी निवृत्त होतेय. म्हणून साहेबांनी आज दोन नव्या मुली माझ्यापुढे आणून उभ्या केल्या आणि म्हणाले, "बाई, जाण्याआधी यांना चौकट शिकवा." घेतल्या मग मागच्या आवारात. सगळं कुरण मोजत बसलो तर जन्म पुरायचा नाही, म्हणून मीटरभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट चाळीस ठिकाणी टाकायची. ठिकाण आपण निवडायचं नाही. डब्यातून दोन चिठ्ठ्या काढायच्या, एकीवर पूर्वेकडे किती पावलं, दुसरीवर उत्तरेकडे किती. जिथे पाऊल थांबेल तिथे चौकट, मग तिथे काटे असोत, शेण असो नाहीतर चिखल. आतली झाडं मोजायची, चाळिसांची सरासरी काढायची आणि सगळ्या कुरणाच्या क्षेत्रफळाने गुणायची. तुला काय सांगतेय मी, तू झोपेतसुद्धा बरळायचीस हे.

त्यातली एक विचारते, "आणि एखाद्या ठिकाणी जाताच आलं नाही तर?"

दुसरी, चष्मेवाली, लगेच म्हणाली, "जायचंच. नाहीतर त्या बहिऱ्या बाईसारखं व्हायचं. पाच शून्यं!" आणि दोघी हसल्या.

मला आधी कळेचना. मग कळलं की कचेरीत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ती गोष्ट सांगतात. मोजणारीने आकडे ओरडून सांगितले, लिहिणारीला ऐकू आले नाहीत, तिने शून्यं लिहिली आणि अख्खं कुरण गेलं. नाव कुणालाच ठाऊक नाही. बहिरी बाई, बस.

बहिरी, आणि तू! शेजारच्या नवराबायकोचं भांडण भिंतीला कान न लावता ऐकून मला शब्द न शब्द सांगणारी तू. मी चौकट उचलली आणि म्हटलं, चला, पुढची चिठ्ठी काढा.

दिवसभर काही गोड लागलं नाही, म्हणून लिहायला बसले. त्या दिवसाचं उगाळायचं नाही मला. माझा पाय मुरगळला होता, ओढ्याला पाणी होतं, तुला सगळं माहीतच आहे. तुला बहिरी म्हणतात ते मला सोसलं नाही, एवढंच कळवायचं होतं.

ताई

२१ फेब्रुवारी

मुंगे,

उत्तर नाही. नसेना का. टपालवाला आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

रविवारी मी कुरणावर गेले होते. आपलंच कुरण, ओढ्याचं. आता तिथे गोदाम आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पत्र्याचं छप्पर. मागे-मागे येणाऱ्या ट्रकांची पीं-पीं चालू असते. ओढा सिमेंटच्या नळात घातलाय. पलीकडचा उतार कुठे होता ते मला पावलं मोजूनही सांगता येईना, आणि माझी पावलं कधी चुकत नाहीत हे तुला ठाऊक आहे.

पहारेकऱ्याने विचारलं, "काय हवंय, बाई?"

म्हटलं, "एक फूल शोधतेय, नखुली. करंगळीच्या नखाएवढं असतं, निळं. जमिनीत कांदा असतो त्याचा."

"इथे गवत धड उगवत नाही आणि तुम्हाला फूल पाहिजे," तो म्हणाला. पण माणूस चांगला होता. आत सोडलं, वर पाणीही विचारलं.

मी पिशवीतून चौकट काढली. घडीची आहे ती, सुटीच्या दिवशी कशाला नेली होती मलाच माहीत नाही. कुंपणाच्या भिंतीला लागून दोन-तीन हात माती उरलीय, तिथे टाकली. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत, तरी बसले. आत तणाच्या सात काड्या, एक प्लॅस्टिकचं बूच आणि दोरीचा तुकडा. नखुली एकही नाही. सवयीने मी मोठ्याने 'शून्य' म्हटलं आणि थांबले. तू परत म्हणशील म्हणून थांबले, बाई. मी आकडा सांगायचा, तू तो परत म्हणायचा आणि मगच लिहायचा, अशी पंधरा वर्षं गेली आपली. पहारेकरी माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल म्हातारीचं डोकं फिरलंय.

निदान हे शून्य मी जाऊन, वाकून, बघून म्हटलेलं होतं.

येताना बसमध्ये गोगलगायींची आठवण झाली आणि एकटीच हसले. तळ्याकाठच्या गोगलगायी मोजायच्या होत्या. पकडायच्या, खूण करून सोडायच्या, आठवड्याने परत पकडायच्या आणि त्यात खुणेच्या किती निघतात त्यावरून सगळ्या किती असतील ते काढायचं. खुणेचा रंग कचेरीतून आलाच नाही, तर तू पर्समधून नेलपॉलिश काढलंस. लालभडक! पन्नास गोगलगायी लग्नाला निघाल्यासारख्या नटून तळ्याकडे गेल्या. साहेब आपल्याला ओरडले आणि अहवालात लिहिलं, 'योग्य त्या रंगाने खूण केली'. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

तुझ्याशी असं बोलायची फार सवय होती गं मला. आई गेल्यापासून घरात बोलायला भिंती आहेत.

ताई

४ मार्च

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांत पहिल्यांदाच बहिणीने दोन शब्द लिहून धाडले. 'कुठला पाय?'

मी कार्ड हातात घेऊन कचेरीच्या पायरीवरच बसले. आधी हसू आलं, मग रडू आलं, मग तुझा राग आला आणि मग परत रडू आलं. शिपाईबाईंना वाटलं कुणी गेलं.

कुठलाच नाही. पाय मुरगळला नव्हता. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण इतकी वर्षं लोकांना तेच सांगून-सांगून मला त्या दिवशी पाय दुखलेलाही आठवायला लागला होता. तू विचारलंस आणि डावा की उजवा ते मला सांगता येईना.

सगळं लिहिते. तुला माहीत असलं तरी माझ्या हाताने एकदा लिहिलेलं असू दे.

पस्तीस चौकटी झाल्या होत्या. पस्तिसांत नखुली एकही नव्हती. उरलेल्या पाच चिठ्ठ्या ओढ्यापलीकडच्या निघाल्या. चार वाजून गेले होते. ओढ्याला घोटाभर पाणी होतं, फार नाही, पण चिखल होता. आणि माझ्या पायात नवे बूट होते. त्याच संध्याकाळी मोठे साहेब कचेरीत येणार होते, माझ्या बढतीचं बोलणार होते, आणि मला चिखलाचे पाय घेऊन त्यांच्यापुढे उभं राहायचं नव्हतं. एवढंच. कुरण त्या बुटांपायी गेलं.

मी अलीकडूनच म्हटलं, "पलीकडे तेच गवत दिसतंय. पाचही शून्य लिही."

तू पेन उचललंस. "ताई, मी जाऊन येते. तू थांब इथेच."

"मोजणारी कोण आहे? लिही म्हटलं ना. बस चुकेल."

तू आकडा परत म्हटला नाहीस. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. गप्प राहून पाच शून्यं लिहिलीस आणि वाटभर माझ्याशी बोलली नाहीस. बढतीचं बोलणं झालं. साहेबांनी बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही.

नियम साधा होता. अंदाजाने पाचशेच्या वर नखुली भरली तर त्या जमिनीला हात लावायचा नाही. आपण लिहिलं, एकही नाही. दीड महिन्यात खोदकाम सुरू झालं आणि कॉलेजातले ते वनस्पतींचे सर फिरायला गेले तर मातीच्या ढिगात कांदेच कांदे. पलीकडची एक पट्टी अजून खोदायची राहिली होती, तिथे त्यांनी चौकटी टाकल्या. नऊ, अकरा, सात. सरासरी नऊ. आपल्या पाच चौकटींत नऊ-नऊ धरले तरी पंचेचाळीस, चाळिसांनी भागून एक पूर्णांक एक अष्टमांश धर, आणि कुरण सोळा हजार चौरस मीटरांचं. अठरा हजार तर सहज होती गं. सगळी ओढ्यापलीकडे एकमेकींना चिकटून बसलेली.

चौकशीच्या खोलीत आपण दोघी शेजारी बसलो होतो. मला विचारलं, पलीकडे गेला होतात का. मी म्हटलं, गेले होते. मी आकडे तिथून ओरडून सांगितले, वारा होता, हिला ऐकू आले नसतील. खाली सही माझी कशी, तर म्हटलं, सख्खी बहीण आहे, विश्वासाने केली. त्यांना माझी कीव आली. एकाने मला पाणी दिलं.

मग त्यांनी तुला विचारलं, "हे खरं आहे का?"

तू माझ्याकडे वळलीस. खूप वेळ बघत राहिलीस. मी टेबलाच्या काचेखालचं सुट्यांचं पत्रक वाचत होते. मे महिन्यात तीन सुट्या होत्या. मी एकदा मान वर केली असती तरी पुरलं असतं, तू तेवढ्यासाठीच थांबली होतीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

तू म्हणालीस, "हो. मला ऐकू आलं नाही."

तू हंगामी होतीस. तुला काढायला नोटीससुद्धा लागली नाही. बाहेर आल्यावर तू मला एक शब्द लावला नाहीस. "येताना आईची औषधं आण," म्हणालीस आणि जिना उतरून गेलीस. तू माझी नोकरी वाचवलीस आणि मी तुला साधं थांब म्हटलं नाही.

ताई

१९ मार्च

मुंगे,

काल साहेबांना सगळं सांगितलं.

ते आधी समजले की निरोपसमारंभाचं काहीतरी बोलायला आलेय. म्हणाले, "हॉल ठरलाय, बाई. शालीचा रंग तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "आधी ऐकून तर घ्या, मग शाल द्यायची की नाही ते ठरवा."

ऐकलं. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "आता कशाला? दहा-बारा दिवस राहिलेत तुमचे. कुरण काही परत येत नाही. तुमच्या बहिणीला वाईट वाटत असेल तर मी तिला खाजगीत एक चांगलं पत्र देतो."

"तिला इथे बहिरी म्हणतात."

"अहो, ते गमतीने."

"मग त्या गमतीत माझं नाव घाला," मी म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरचं टायपिंग थांबलं.

लिहून दिलं. तीन प्रती, प्रत्येक पानावर सही. मी पलीकडे गेले नव्हते, शून्यं मी लिहायला लावली, चौकशीत मी खोटं बोलले. माझ्यावर आता चौकशी बसेल. समारंभ रद्द. शिपाईबाईंनी माझ्यासाठी हार सांगून ठेवला होता, तो त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी निवृत्तीवर ढकललाय.

त्या दोन मुलींना मी स्वतःच सांगितलं, आवारात, चौकट हातात धरूनच. चष्मेवालीने चिठ्ठ्यांचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "पण मग त्यांनी लिहिलंच का? नाही म्हणायचं."

"मी मोठी होते म्हणून," मी म्हटलं.

"एवढ्यासाठी?"

तिला मोठी बहीण नाही, विचारलं मी.

सोबत कचेरीचा कागद जोडलाय. 'सदर कर्मचाऱ्याकडून कोणतीही चूक झालेली नव्हती' असं लिहून खाली शिक्का मारलाय. भाषा त्यांची आहे, पण अर्थ बरोबर आहे. फ्रेम करून लाव नाहीतर त्यावर रोपं ठेव.

आता एक मागते. घरी ये. दोन दिवस तरी ये. कागद तुला पोचला, शिक्का पोचला, आता मला वाटतं की मागायला हरकत नाही. तुझी खाट आहे तशीच आहे, मी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते एवढंच, ते मी उचलेन. मला तुझ्याशी बोलायचंय, मुंगे. कागदावर नाही, तोंडाने.

तुझी ताई

३० मार्च

मुंगे,

तुझं दुसरं कार्ड आलं. कागदाचं तू काही लिहिलं नाहीस, यायचं काही लिहिलं नाहीस. एकच ओळ. 'आईला सांगितलं होतंस का?'

चार दिवस झाले, रोज कार्ड वाचते आणि परत डब्यात ठेवते. दोनदा 'हो' असं लिहून झालं. दोन्ही पत्रं फाडली. 'हो' लिहिलं तर तू येशील, हे मला कळतंय. आणि ते खोटं असेल. आता माझ्या अंगात तेवढं बळ उरलं नाही.

नाही सांगितलं.

चौकशी झाली त्या संध्याकाळी आईने विचारलं, "काय झालं गं?" तू आत कपड्यांच्या घड्या घालत होतीस. मी म्हटलं, मुंगीची चूक झाली, तिला ऐकू आलं नाही. आई सगळा जन्म गणित शिकवलेली बाई. म्हणाली, "ऐकू आलं नाही तर परत विचारायचं. एवढं मी पहिलीच्या पोरांना शिकवते." मग ती तुझ्याशी बोलेनाशी झाली. तू महिनाभर तिच्या पुढ्यात ताट ठेवत राहिलीस आणि ती न बघता जेवत राहिली. मी मधे बसून दोघींनाही मीठ पुढे करत होते. मग तू गेलीस. पुढची तीन वर्षं मी तिला रोज गोळ्या दिल्या, अंघोळ घातली, पेपर वाचून दाखवला. सांगायला जागा रोज होती.

पण यातलं बरंचसं तुला माहीत असेल. जे माहीत नाही ते आता लिहिते.

शेवटच्या आठवड्यात तिला नीट दिसत नव्हतं. दुपारची वेळ होती, मी तिच्या पायांना तेल लावत होते. ती एकदम म्हणाली, "मुंगे, आलीस?"

मी म्हणणारच होते, आई, मी थोरली. पण तिने माझा हात पकडला. इतका घट्ट की मला सोडवेना. म्हणाली, "फार ताणलं गं मी. एक आकडा तो काय. चुकलीस तर चुकलीस. मला काही मनात नाही आता. जेवतेस ना वेळेवर?"

मी म्हटलं, "हो."

"रागावू नकोस आईवर."

मी म्हटलं, "नाही रागावले."

ती हसली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, तुझ्या तोंडावरून फिरवायची तसा, हनुवटीपर्यंत आणून ती चिमटीत धरली. मग झोपली. त्यानंतर ती धड काही बोलली नाही.

ती माफी तुझी होती. चूक माझी, हात माझा, पण आईने बोलावलं तुला होतं. मी तुझ्या नावावर ती घेतली आणि ठेवून घेतली. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, 'मग तू तेव्हा तिला खरं का नाही सांगितलंस?' त्या प्रश्नाला मी घाबरत होते. आजही घाबरते. म्हणून पाच वर्षं तुला असंच वाटू दिलं की आई तुझ्यावर रागावून गेली.

ती रागावून गेली नाही, मुंगे. तुझी वाट बघत गेली.

आई गेल्याचं कुणाकडून तरी कळून तू आलीस तेव्हा सगळं आवरून झालं होतं. तू उंबऱ्याबाहेर उभी होतीस, चपला काढल्या नव्हत्यास, आत तिच्या रिकाम्या खाटेकडे बघत होतीस. मला विचारलंस, "माझं नाव काढलं का तिने?"

मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

तू नको म्हणालीस.

ताई